‘ऑफलाइन’ प्रिंटरचा खरा पत्ता

दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या गावातल्या सेवा केंद्रांवर दाखल्यांसाठी झुंबड उडते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर. अर्ज ऑनलाइन, फी ऑनलाइन, मंजुरी ऑनलाइन, साहेबांची सहीसुद्धा डिजिटल. एवढे टप्पे पार करून दाखला स्क्रीनवर येतो आणि कागदावर उतरायच्या वेळी ऑपरेटर मान वर करून म्हणतो, ‘‘प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय. बसा जरा.’’ प्रिंटर त्याच्यापासून दोन हातांवर असतो. दिवा हिरवा, ट्रेमध्ये कागद भरलेला.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. प्रिंटर बंद-चालू, राउटर बंद-चालू, शेवटी कॉम्प्युटर बंद-चालू. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. मघापासून चार वेळा पाठवलेला दाखला चार प्रतींत बाहेर पडतो आणि रांग पुढे सरकते. बिघडलं काय होतं, हे विचारायला कुणाला सवड नसते. आठवड्याभराने पुन्हा तेच. बँकेच्या शाखेत, कॉलेजच्या ऑफिसात, डॉक्टरांच्या रिसेप्शनवर, घरच्या वायफायवर हेच चालतं. दोष एक तर यंत्राला दिला जातो, नाही तर ‘याला कॉम्प्युटर येत नाही’ म्हणून समोरच्या माणसाला. प्रत्यक्षात प्रिंटर धडधाकट असतो आणि माणूसही शहाणा असतो. दोघांमधली वाट तेवढी बंद पडलेली असते, आणि त्या वाटेची देखभाल कुणाच्याच नावावर नसते.

स्क्रीनवरचा ‘ऑफलाइन’ हा शब्द म्हणजे कॉम्प्युटरने बांधलेला अंदाज असतो. तो कसा बांधला जातो ते पाहण्यासारखं आहे. नेटवर्कवरच्या प्रिंटरकडे छापायचा मजकूर एका वाटेने जातो आणि ‘जागा आहेस का, कागद संपला का’ ही विचारपूस दुसऱ्या वाटेने होते. या दुसऱ्या व्यवस्थेचं नाव एसएनएमपी. विंडोज तिच्यामार्फत विचारपूस करतं, उत्तर आलं नाही की प्रिंटरला ऑफलाइन ठरवून मोकळं होतं, छपाईची वाट सताड उघडी असली तरी. विचारपुशीला उत्तर न येण्याची कारणं अनेक: प्रिंटरमध्ये ती सोय बंद असेल, मधली फायरवॉल ती अडवत असेल, किंवा परवलीचा शब्द जुळत नसेल. अशा वेळी प्रिंटरच्या पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपीसमोरची टिक काढली की ‘बंद पडलेला’ प्रिंटर क्षणात कामाला लागतो. त्याला हातही लावावा लागत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे चांगले चालते प्रिंटर ‘जुना झाला’ म्हणून निकालात निघतात, त्याला काय म्हणावं?

याहून नेहमीचं कारण मात्र पत्त्याचं आहे. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो, समजा १९२.१६८.१.७. हा पत्ता राउटर वाटतो, आणि तो कायमचा देत नाही, मुदतीने देतो. बऱ्याच घरगुती राउटरमध्ये ही मुदत एका दिवसाची असते. शनिवारी दुपारी ऑफिस बंद झालं, प्रिंटर बंद झाला, मुदत टळली. सोमवारी सकाळी कुणाचा तरी मोबाइल आधी वायफायवर आला आणि त्याने तोच ७ नंबर पटकावला. मागून जाग्या झालेल्या प्रिंटरला मिळाला १२. कॉम्प्युटरच्या नोंदीत मात्र अजून ७च आहे. चाळीत खोली बदललेल्या भाडेकरूचं पत्र घेऊन पोस्टमनने जुन्याच दारावर थापा माराव्यात, तसं हे. वीज जाऊन आली तर सगळेच पत्ते नव्याने वाटले जाण्याची शक्यता. पत्ते लक्षात न ठेवणारे स्वस्त राउटर आणि पावसाळ्यात सारखी जाणारी वीज एकत्र आली, की ‘पाऊस लागला की प्रिंटर बिघडतो’ अशी समजूत ऑफिसात रुजते. आणि ती खोटीही म्हणता येत नाही.

गंमत म्हणजे ज्या नेटवर्कवर आज प्रिंटर सापडत नाही, ते नेटवर्क जन्माला आलं तेच प्रिंटरपायी. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे झेरॉक्स कंपनीची पार्क ही संशोधन संस्था होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे गॅरी स्टार्कवेदर लेसर प्रिंटर घडवत होते आणि त्याच इमारतीत आल्टो नावाचे वैयक्तिक कॉम्प्युटर टेबलाटेबलांवर येऊ घातले होते. सेकंदाला एक पान छापू शकणारं अवाढव्य यंत्र एकच, आणि त्यावर छापू पाहणारे कॉम्प्युटर पुष्कळ. यांना जोडायचं कसं, हा प्रश्न बॉब मेटकाफ या तरुण अभियंत्याकडे आला. २२ मे १९७३ रोजी त्याने एक टिपण लिहिलं आणि त्यात आपल्या योजनेला ‘इथरनेट’ हे नाव वापरलं. डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्याबरोबर त्याने ते प्रत्यक्षात उतरवलं. आज जगभरच्या ऑफिसांत भिंतीतून फिरणारी केबल त्याच टिपणाची वंशज आहे.

मग पन्नास वर्षांत घोडं कुठे अडलं? एकावर एक थर चढत गेले आणि जुना थर कुणी काढला नाही. बर्कलीच्या युनिक्समधली छपाईची पद्धत १९९० मध्ये कागदावर नोंदली गेली. १९९१ मध्ये एचपीने जेटडायरेक्ट हे कार्ड आणलं आणि ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर सरळ मजकूर ओतायची पद्धत रूढ झाली. १९९९ मध्ये आयपीपी ही सुधारित पद्धत आली, जिच्यात प्रिंटर स्वतःबद्दल नीट माहिती देऊ शकतो. नंतर विंडोजने यंत्रं आपसूक शोधण्याची स्वतःची तऱ्हा काढली, ॲपलने वेगळी. एका साध्या ऑफिस प्रिंटरमध्ये आज या सगळ्या पद्धती एकत्र नांदत असतात, आणि सेटअप करताना कॉम्प्युटर त्यातली कुठली निवडतो हे वापरणाऱ्याला सांगितलंच जात नाही. त्यामुळे एकाच ऑफिसातल्या दोन कॉम्प्युटरांचं एकाच प्रिंटरशी वेगवेगळं नातं असतं. एकाला दिसतो, दुसऱ्याला नाही.

९१०० पोर्टवर तर पासवर्डसुद्धा लागत नाही. ज्याला पत्ता ठाऊक, तो छापू शकतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका हॅकरने इंटरनेटवर उघडे पडलेले असे हजारो प्रिंटर शोधून त्यांच्यावर प्यूडीपाय या यूट्यूबरच्या चॅनेलची जाहिरात छापली. पन्नास हजार प्रिंटर गाठल्याचा त्याचा दावा होता. बाहेरून प्रिंट काढता यावी म्हणून राउटरमध्ये खिडकी पाडून देणाऱ्या तंत्रज्ञांनी हा किस्सा जरूर वाचावा.

घरातली दुखणी जरा वेगळी असतात. स्वस्तातले बहुसंख्य इंकजेट फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात. नवा फायबरचा राउटर बसला आणि सगळं घर ५ गिगाहर्ट्झवर गेलं, की प्रिंटर एकटा पडतो. काही राउटर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय देतात आणि त्यावरच्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण प्रिंटर चुकून तिथे जोडला गेला तर इंटरनेट मिळतं, शाईची जाहिरात पोहोचते आणि प्रिंट मात्र येत नाही.

आपल्याकडच्या दुकानांचं खास दुखणं आणखी वेगळं. झेरॉक्सचं दुकान, टायपिंग सेंटर, वकिलाचं ऑफिस, कुठेही डोकावलं तर एचपीचा लेसरजेट १०२० किंवा कॅननचा एलबीपी २९०० हमखास दिसतो. दणकट, टोनर सहज रिफिल होतो, मेकॅनिक कोपऱ्यावर मिळतो. या दोन्ही यंत्रांना नेटवर्कचं तोंडच नाही. यूएसबी केबलने ती एका कॉम्प्युटरला जोडायची आणि बाकीच्यांनी त्या कॉम्प्युटरमार्फत ‘शेअरिंग’वर छापायचं. १०२० तर इतका कॉम्प्युटरवर अवलंबून, की चालू केल्यावर आपलं अंतर्गत सॉफ्टवेअरसुद्धा दर वेळी कॉम्प्युटरकडूनच मागून घेतो. म्हणजे गल्ल्यावरचा तो एक कॉम्प्युटर झोपला की सगळं दुकान ठप्प. ‘नेटवर्क प्रिंटर बिघडला’ अशा कित्येक तक्रारींत दोष एवढाच असतो, की त्या कॉम्प्युटरला पंधरा मिनिटांनी झोपायची सवय लावलेली असते.

या शेअरिंगवाल्यांवर २०२१ मध्ये खरं संकट कोसळलं, आणि त्यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता. विंडोजमध्ये छपाईची रांग सांभाळणाऱ्या स्पूलरमध्ये घातक त्रुटी आहे, हे जूनअखेरीस उघड झालं. काही संशोधकांनी ती दुरुस्त झाली असं समजून हल्ल्याचा नमुनाच प्रसिद्ध केला. ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने ती गाजली. जुलैच्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने घाईघाईने दुरुस्ती सोडली, ऑगस्टमध्ये प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला ॲडमिनचे अधिकार सक्तीचे केले. छपाईच्याच व्यवस्थेतली आणखी एक जुनी त्रुटी बुजवायची होती. त्यासाठीचा कडक नियम सप्टेंबरच्या अपडेटमध्ये लागू झाला आणि शेअर केलेल्या प्रिंटरांनी जगभर मान टाकली. ‘११बी’ने संपणारा एक एरर क्रमांक तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांना तोंडपाठ झाला होता. ते अपडेट दोन्ही बाजूंच्या कॉम्प्युटरांवर घेणं, हा खरा उपाय. प्रत्यक्षात फिरला तो दुसराच सल्ला: अपडेट काढून टाका, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत अमुक ठिकाणी शून्य लिहा. प्रिंट सुरू झाली, गिऱ्हाईक खूश झालं, आणि दार मात्र कायमचं किलकिलं राहिलं. स्पूलरच्या अशाच एका त्रुटीचा फायदा २०१० साली उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या विषाणूने घेतला होता, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ते शून्य बरं वाटणार नाही.

आता त्या बंद-चालूकडे वळू. हा उपाय अडाणी नाही, त्यामागे पक्की कारणं आहेत. प्रिंटर नव्याने सुरू झाला की राउटरकडे पत्ता मागतो आणि नेटवर्कवर आपलं नाव पुकारतो. कॉम्प्युटर नव्याने सुरू झाला की अडकलेला स्पूलर हलतो. पण यातलं कुठलं कारण लागू पडलं, हे तिन्ही यंत्रं एकदम बंद-चालू केल्यावर कळायचा मार्गच उरत नाही. दुरुस्ती होते आणि पुरावा नष्ट होतो. शिवाय काही दुखण्यांवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. छापायला पाठवलेला मजकूर कॉम्प्युटरवर फाइल म्हणून साठवलेला असतो. रांगेत पहिल्याच नंबरला बिघडलेली फाइल असेल, तर कॉम्प्युटर कितीही वेळा सुरू केला तरी तीच पहिल्यांदा पाठवली जाणार आणि मागच्या सगळ्या अडणार. तिथे स्पूलर थांबवून त्याच्या फोल्डरमधल्या फाइली पुसाव्या लागतात. दोन मिनिटांचं काम, पण कारण ठाऊक असेल तरच.

कारण शोधणं म्हणजे काय, याचं सर्वांत सुंदर उदाहरण उबुंटू लिनक्सच्या दोषनोंदींत सापडतं. २००८च्या सुमाराची गोष्ट. एका वापरकर्त्याच्या बायकोची तक्रार होती, की ओपनऑफिसमधून मंगळवारी प्रिंट निघत नाही. बाकी सगळे दिवस निघते, मंगळवारी नाही. असं काही कानावर आलं तर कुठलाही तंत्रज्ञ हसेल, आणि नवऱ्यालाही आधी ते खरं वाटलं नव्हतं. पण तक्रार शब्दशः खरी निघाली. छपाईसाठी तयार होणाऱ्या फाइलच्या सुरुवातीला ती केव्हा तयार झाली त्याचा वार आणि तारीख लिहिली जात होती. फाइल कुठल्या प्रकारची आहे हे ओळखणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमच्या नियमात चूक होती. मंगळवारची इंग्रजी तीन अक्षरं ठरावीक जागी दिसली, की तो ती फाइल अर्लँग या प्रोग्रॅमिंग भाषेची समजायचा. छापायचा मजकूर नाही असं ठरलं की फाइल पुढे जायचीच नाही. प्रिंटर, केबल, नेटवर्क, ड्रायव्हर, कशातच खोट नव्हती. ‘बंद करून चालू करा’ हा उपाय त्या घरात फार यशस्वी ठरला असता, कारण बुधवार उजाडेपर्यंत तो करत राहिलं की प्रिंट येणारच होती!

त्या बाईंनी कुठलंही तांत्रिक काम केलं नव्हतं. कधी होतं आणि कधी होत नाही, एवढंच लक्षात ठेवलं होतं. आपल्या ऑफिसांत नेमकं हेच होत नाही. वार्षिक देखभालीचा करार असतो, तंत्रज्ञ येतो, वहीत ‘प्रिंटर ओके’ लिहून सही घेतो. काय नव्हतं ओके, ते वहीत नसतं. पुढच्या वेळी दुसरा मुलगा येतो आणि श्रीगणेशापासून सुरुवात करतो. तो नवा मुलगा बहुधा प्रिंटर नव्याने ‘ॲड’ करतो, म्हणजे कॉम्प्युटरवर त्याच यंत्राच्या तीन-तीन नोंदी होतात, शेवटी ‘कॉपी १’, ‘कॉपी २’ लागलेल्या. त्यातली जिवंत कुठली हे फक्त नेहमीच्या ऑपरेटरला माहीत, आणि तो रजेवर गेला की प्रिंटर ‘बंद’. विंडोज १० पासून तर ‘डीफॉल्ट प्रिंटर मीच ठरवतो’ अशी एक सोय विंडोजने स्वतःकडे घेतली आहे. काल एखादी पीडीएफ सेव्ह केली असेल, तर आज कागदाऐवजी पुन्हा पीडीएफच होते.

खरं तर शोधाचा क्रम अवघड नाही. सुरुवात प्रिंटरपासून करायची, कॉम्प्युटरपासून नव्हे. जवळपास प्रत्येक नेटवर्क प्रिंटर स्वतःच्या बटणांवरून किंवा मेनूतून आपल्या सेटिंगचं पान छापून देतो. ते पान आलं म्हणजे ड्रम, टोनर, कागद यांचा विषय संपला. त्या पानावर पत्ता असतो. तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर प्रिंटरची राउटरशी गाठच पडलेली नाही आणि कॉम्प्युटरशी झगडण्यात अर्थ नाही. पत्ता नीट असेल तर कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये लिहिलेल्या पत्त्याशी तो ताडून पाहायचा. निम्म्याहून जास्त कोडी इथेच सुटत असावीत. जुळत असेल तर त्या पत्त्याला ‘पिंग’ करायचं, म्हणजे कॉम्प्युटरवरून नुसती हाक मारून पाहायची. उत्तर आलं तर वाट मोकळी आहे, आणि दोष रांगेत, ड्रायव्हरमध्ये किंवा त्या एसएनएमपीच्या विचारपुशीत शोधायचा. यूएसबी केबल हाताशी असेल तर ती लावून एक पान काढायचं. ते आलं तर नेटवर्क संशयित, नाही आलं तर ड्रायव्हर. यात इंजिनीअरिंगची पदवी कुठेच लागत नाही. लागते ती एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याची सवय, आणि मागे रांग उभी असताना तीच टिकत नाही.

पण सगळा भार वापरणाऱ्यावर टाकून कंपन्यांना मोकळं सोडणं अन्यायाचं होईल. पत्ता बदलला आहे हे सांगणं कॉम्प्युटरला अशक्य नाही. ‘या पत्त्यावर आता एक मोबाइल बसला आहे, तुमचा प्रिंटर बहुधा १२ नंबरवर आहे’ असं वाक्य दाखवायला नवं संशोधन लागत नाही. दाखवलं जातं ते एकच मोघम बिरूद. मैत्रीपूर्ण दिसण्याच्या नादात माहितीच गाळली गेली आहे.

याच तक्रारीतून एकदा मोठी चळवळ उभी राहिली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतला प्रिंटर बहुतेकांच्या खोल्यांपासून वेगळ्या मजल्यावर होता. कागद अडकला की कुणाला पत्ता लागायचा नाही. रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरने प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून ठेवला: कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्या प्रत्येकाच्या स्क्रीनवर संदेश जायचा. मग १९८०च्या आसपास झेरॉक्सने प्रयोगशाळेला नवा लेसर प्रिंटर भेट दिला. त्याच्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कंपनीने दिला नाही, त्यामुळे ती साधी सोय त्यात घालता येईना. दुसऱ्या विद्यापीठात ज्याच्याकडे कोड होता, त्याने गुप्ततेचा करार दाखवून नकार दिला. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांत हा प्रिंटर ते आजही सांगतात.

नव्या प्रिंटरांचा कल तर कंपनीच्या सर्व्हरशी गूळपीठ करण्याकडे आहे. एचपीची काही मॉडेल इंटरनेट सतत जोडलेलं असावं या अटीवरच विकली गेली. मे २०२३ मध्ये ऑफिसजेट मालिकेतल्या काही प्रिंटरांनी कंपनीकडून आलेलं अपडेट आपसूक घेतलं आणि निळ्या स्क्रीनवर एरर कोड दाखवत ते निपचित पडले. घरातला लॅपटॉप शेजारच्या खोलीतला प्रिंटर शोधत असतो आणि तो प्रिंटर मात्र महासागरापलीकडच्या मालकाशी विनातक्रार बोलत असतो, हे चित्र विनोदी असलं तरी गिऱ्हाईकाच्या पैशाने रंगलेलं आहे.

वाऱ्याची दिशा थोडी बदलते आहे. बाहेरच्या कंपन्यांच्या जुन्या धाटणीच्या ड्रायव्हरांना विंडोज अपडेटमधून टप्प्याटप्प्याने निरोप देऊन आयपीपीवर चालणारा एकच सर्वसाधारण ड्रायव्हर पुढे आणायचं मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. नव्या यंत्रांसाठी हे चांगलंच आहे. १०२० आणि २९०० मात्र असली भाषा बोलत नाहीत, आणि ते इतक्यात मरतही नाहीत.

तोवर सरकारी कचेऱ्यांनी आणि सेवा केंद्रांनी करण्यासारख्या दोन गोष्टी फुकट आहेत. जवळपास प्रत्येक राउटरमध्ये ठरावीक यंत्राला ठरावीक पत्ता राखून ठेवायची सोय असते. प्रिंटरच्या सेटिंगच्या पानावर बारा अक्षर-अंकांचा त्याचा मॅक क्रमांक छापलेला असतो, तो राउटरमध्ये नोंदवायचा आणि मिळालेला पत्ता कागदाच्या पट्टीवर लिहून प्रिंटरच्या कपाळी चिकटवायचा. देखभालीच्या करारात तंत्रज्ञाने वहीत बिघाडाचं कारण आणि बदललेली सेटिंग लिहिलीच पाहिजे, अशी एक ओळ वाढवायची. राउटर बदलला तर मॅक क्रमांकाची नोंद नव्या राउटरमध्ये पुन्हा करावी लागते. वायरचा प्रिंटर वायफायवर घेतला तर मॅक क्रमांक बदलतो, तेव्हा पट्टीही बदलायची.